तू आत्ताही घरातलं एक माणूस आहेस

प्रिय चिमणे,

तू हे पत्र वाचशील तेव्हा यातलं तुला काही आठवत नसेल. बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, आणि तू आत्ता दोन वर्षं उलटून काही महिन्यांची आहेस. सध्या आपल्या घरात जे चाललंय ते जवळजवळ सगळं तुझ्या हातून निसटणार, म्हणून मी ते लिहून ठेवतोय.

आणखी एक कारण आहे. तुझ्या वयाच्या मुलांविषयी मोठी माणसं अशी बोलतात, जणू ती मुलं अजून कोणी झालेलीच नाहीत. ‘तिला काय कळतंय अजून.’ ‘मोठी झाली की बघा.’ हे तुझ्यासमोरच बोललं जातं आणि तू मान वर करून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतेस. मला ते पटत नाही. तुला पुष्कळ कळतं. तुझी स्वतःची कामं असतात, त्या कामांची तुझी पद्धत असते आणि ती मोडलेली तुला खपत नाही. आपल्या घरात दोन माणसं आणि एक बाळ राहत नाही, तीन माणसं राहतात. हे मी तुझ्या बाजूने साक्ष म्हणून लिहितोय असं समज.

सकाळचे बूटच घे. बाहेर जायचं म्हटलं की तू दाराशी फतकल मारून बसतेस आणि सांगतेस, ‘मी कलते.’ मग बुटाची जीभ आत जाते, टाच दुमडते, वेल्क्रोचा पट्टा मोज्याला चिकटून बसतो. तुझी स्वतःची जीभही कामाला लागलेली असते, ओठांच्या कोपऱ्यातून अर्धी बाहेर. मी मदतीला हात पुढे केला तर तू तो बाजूला सारतेस, आणि त्यातून माझा हात बुटाला लागलाच तर अर्धा चढलेला बूट काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतेस. शेवटी दोन्ही बूट चढतात. पुष्कळदा उलटे. मी काही बोलत नाही. दाराबाहेर चार पावलं टाकलीस की तुझं तुलाच जाणवतं, मग तू थांबून एक पाय माझ्यापुढे करतेस. त्या वेळी मदत चालते, कारण ती तू मागितलेली असते.

हे ‘मी’ प्रकरण तुझ्याकडे अलीकडेच आलंय. लहान मुलांच्या नाकावर त्यांच्या नकळत लाल ठिपका लावून त्यांना आरशासमोर उभं करायचं, असा एक जुना प्रयोग आहे. तो पहिल्यांदा 1972 साली प्रसिद्ध झाला. साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. त्याआधी आरशात त्यांना दुसरंच कुणी बाळ दिसत असतं. तूही आधी त्या बाळाचे पापे घ्यायचीस आणि ते कुठे गेलं म्हणून आरशाच्या मागे डोकावायचीस. मग एकदा खडूने चित्र काढता काढता तुझ्या गालावर निळी रेघ उमटली. आरशात ती दिसल्यावर तू आपला गाल चोळलास, बोट बघितलंस, परत आरशात बघितलंस आणि कितीतरी वेळ हललीच नाहीस. मी मागे उभा होतो. तुला हाक मारावी असं मला वाटलं नाही.

त्यानंतर ‘माझं’ आलं. माझा चमचा, माझी आई, माझी खिडकी. पाऊस आला तर तोसुद्धा माझा.

आता तुझ्या आवडत्या कामाविषयी. कपडे वाळत घालताना चिमटे देण्याचं काम तुझ्याकडे आहे. ते तुला कुणी दिलं नाही. चालायला लागून थोडेच महिने झाले होते तेव्हा माझ्या हातून एक चिमटा खाली पडला, तू तो उचललास, हात उंच करून माझ्यापुढे धरलास आणि मी घेईपर्यंत तसाच धरून ठेवलास. तेव्हापासून बादली खाली ठेवली की तू चिमट्यांची टोपली ओढत आणतेस. आधी एक चिमटा, मग मी तो लावलेला नीट बघून घेणं, मग दुसरा. घाईत मी दोन मागितले तरी तू एकच देतेस. छोटे मोजे वाळत घालायचे असतील तर टोपली उपसून पिवळाच चिमटा शोधतेस. का, ते मला माहीत नाही, पण आता मोज्यांना पिवळेच चिमटे लागतात.

पुढे माझ्या वाचनात आलं की अगदी अशाच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. जर्मनीत लाइपझिग इथे दोन संशोधकांनी केलेलं हे काम 2006 साली प्रसिद्ध झालं. दीड वर्षांच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस अडचणीत पडायचा: त्याच्या हातून वस्तू खाली पडायची आणि तिथवर हात पोचायचा नाही, किंवा दोन्ही हात भरलेले असल्याने कपाटाचं दार उघडता यायचं नाही. खाली पडणाऱ्या वस्तूंमध्ये कपड्यांचा चिमटाही होता! 24 मुलांपैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, तीही बहुधा काही सेकंदांत, कुणी न सांगता आणि काही न मिळता. त्याच संशोधकांना दोन वर्षांनी असंही दिसलं की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं पुढे मदत करायला कमी उठतात. ते वाचून मला बरं वाटलं, कारण तुला चिमट्याबद्दल शाबासकी द्यावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. आईने मला चिमटा दिला तर मी टाळ्या वाजवत नाही. ‘दे’ म्हणतो, घेतो, लावतो. तुझ्याशीही तसंच वागतो आणि तुलाही तेच हवं असतं, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसतं.

तू चालायला शिकलीस तो काळ मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्याची छायाचित्रं आणि व्हिडिओ भरपूर आहेत, ते तू बघशीलच. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळताना काय करतात हे कुणीतरी खरोखर मोजलंय: तासाला सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. तुझंही साधारण तसंच चाललेलं असणार. व्हिडिओत एक गोष्ट दिसणार नाही, कारण फोन तुझ्याकडे रोखलेला असायचा. पडल्यावर तू लगेच रडायची नाहीस. आधी आमच्यापैकी एकाचा चेहरा शोधायचीस. आम्ही घाबरलेले दिसलो तर भोकाड पसरायचीस, शांत दिसलो तर हात झटकून उठायचीस. आई ‘पडलीस? ऊठ’ एवढंच म्हणायची, तेही असं की जणू पडणं हा चालण्याचाच एक भाग आहे. मला ते जमायला जरा वेळ लागला. ते मी तिच्याकडून शिकलो.

रागाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या वयातल्या मुलांच्या रागाला लोक हसतात.

खोलीतला दिवा लावणं हे तुझं काम. मी तुला उचलायचं आणि तू बटण दाबायचं. परवा आईचे हात भरलेले होते, तिने कोपरानेच बटण दाबलं. तू जमिनीवर आडवी झालीस. पाय आपटत होतीस, श्वास अडकत होता, कान लालबुंद झाले होते. दिवा बंद करून पुन्हा तुला लावायला दिला तर ते आणखीच वाईट, कारण दिवा लागून गेलेला होता आणि घडलेली गोष्ट न घडलेली करता येत नाही हे तुला पुरतं कळत होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, एवढ्याशा बटणासाठी! पण तू दिवसभर दुसऱ्यांच्या मर्जीवर असतेस. केव्हा उठायचं, केव्हा अंघोळ, केव्हा बाहेर जायचं, हे सगळं आम्ही ठरवतो. त्या दिवसात तुझ्या अधिकाराच्या दोन-तीनच गोष्टी, त्यातली एक गेली. मोठ्या माणसाकडून त्याचं ठरलेलं काम न विचारता काढून घेतलं तर तोही चिडतो. फरक इतकाच की त्याच्याकडे बोलायला शब्द असतात. आणि राग आवरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. तुझ्याकडून आत्ताच ते मागणं अन्याय आहे.

अशा वेळी मी तुझ्याजवळ जमिनीवर बसतो. समजावत नाही, तेव्हा ते ऐकू जात नाही. फार तर म्हणतो, ‘दिवा तुला लावायचा होता.’ काही मिनिटांनी आवाज उतरतो, मग हुंदके राहतात, मग तू सरकत येऊन माझ्या मांडीला पाठ लावतेस, तोंड मात्र दुसरीकडे. राग गेलेला असतो, म्हणणं मागे घेतलेलं नसतं. तुझा तो ताठा मला फार आवडतो. तो सांभाळून ठेव.

लपाछपीत तू नेहमी त्याच पडद्यामागे लपतेस आणि पाय बाहेर दिसत असतात. पडदा नसेल तर नुसते डोळे झाकून घेतेस. तुझे डोळे दिसत नसले म्हणजे तू दिसत नाहीस, अशी तुझी खात्री आहे. तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांची असते. मी ‘कुठे गेली बाई’ म्हणत घरभर हिंडतो आणि तू न राहवून आतूनच ओरडतेस, ‘इथे!’

झोपायच्या आधी पुस्तक. एकच पुस्तक, बदकाचं, त्याचे कोपरे चघळून मऊ झालेत. ते संपलं की ‘पुना’. मला पाठ आहे आणि तुलाही आहे. मी मुद्दाम एखादा शब्द गाळला तर तू पानावर हात ठेवून थांबवतेस आणि तो शब्द माझ्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पान उलटू देत नाहीस. या ‘पुना’चा काही आईबाबांना कंटाळा येतो असं ऐकतो. मला येत नाही, कारण तू दर वेळी वेगळ्या ठिकाणी बघत असतेस. एका रात्री बदक, दुसऱ्या रात्री बदकामागचं गवत, आणि परवा, इतक्या वाचनांनंतर, कोपऱ्यातली मुंगी! ती मला कधी दिसलीच नव्हती. तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, निरनिराळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच ती गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात नवे शब्द जास्त राहिले होते. तू काय करतेयस हे तुला नीट माहीत आहे.

दिवा मालवला की आपण दिवस आठवतो. मी विचारतो, ‘आज काय काय झालं?’ तू आधी ‘भू भू’ म्हणतेस, कुत्रा दिसला असो वा मांजर. मग मी म्हणतो, ‘भू भू कुठे होता?’ तू म्हणतेस, ‘गाडीखाली.’ ‘मग?’ ‘पलाला.’ कधीकधी तू महिन्यापूर्वीचं काही मधेच काढतेस. एकदा म्हणालीस, ‘आजी चश्मा पललं.’ आजी येऊन गेल्याला बरेच दिवस झाले होते; तिचा चष्मा पडला होता हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो, तुझ्या मात्र ध्यानात होतं.

म्हणजे आठवणी तुझ्याकडे आत्ता आहेत. त्या पुढे निसटून जातात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना तीन वर्षांच्या वयातलं बरंच सांगता येतं आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत त्यातलं पुष्कळ पुसलं जातं, असं अभ्यासातून दिसलंय. तुझ्या वयात मेंदूतला आठवणी बांधून ठेवणारा भाग अजून घडत असतो, आणि झालेलं सांगायला भाषाही नुकतीच हाती येत असते. ज्या मुलांशी घरातली माणसं घडून गेलेल्या गोष्टींबद्दल सविस्तर बोलतात, प्रश्न विचारतात, त्यांना पुढे जास्त आठवतं, असंही दिसलंय. आपल्या रात्रीच्या गप्पा त्यासाठी सुरू झाल्या नव्हत्या, पण आता मी त्या एकही रात्र चुकवत नाही.

आमची स्मरणशक्तीही काही फार भरवशाची नाही, हेही तुला सांगून ठेवतो. तुझा पहिला शब्द कोणता यावर आमचं एकमत नाही. आई म्हणते ‘दे’, मी म्हणतो ‘भुर्र’. तू तो खिडकीत पक्षी बघून म्हणाली होतीस. दोघांनाही आपापली जागा आणि वेळ स्पष्ट आठवते. लिहिलं कुणीच नव्हतं. या पत्रातही मी बघितलेलं तेवढंच आहे, आणि दिवसाचा मोठा भाग तू आईबरोबर असतेस. तिला तू वेगळी दिसत असणार. ती तिचं पत्र वेगळं लिहिणार आहे. दोन्ही वाच, आणि जिथे जुळणार नाही तिथे आम्हाला दोघांना समोर बसवून विचार.

तुझा,
बाबा