पूर्णवेळ नको, आधी चार तास

प्रिय मित्रा,

केमो संपून दीड महिना झाला आणि सोमवारपासून पूर्णवेळ रुजू होतोय, असं तू लिहिलंस. बरं वाटलं वाचून, पण 'पूर्णवेळ' या शब्दाशी अडलो. पहिल्याच दिवशी आठ तास नको रे.

केमोनंतरचा हा थकवा रोजच्या दमण्यासारखा नसतो. रात्रभर झोपलं तरी उतरत नाही, आणि रिपोर्ट चांगले आले तरी कित्येक महिने रेंगाळू शकतो. एखाद्या दिवशी मात्र एकदम तरतरी येते. माणूस साठलेलं सगळं उपसायला बसतो आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरतो. त्या बऱ्या दिवशीच हात आखडता घ्यायचा, हे सगळ्यात अवघड.

म्हणून एक दिवसाआड चार तास, असं दोन आठवडे कर. मग तास तरी वाढव नाहीतर दिवस तरी. दोन्ही एकदम नकोत. कधी वाढवायचं ते वही सांगेल. काय केलं, किती वेळ, आणि थकवा १० पैकी किती, एवढंच लिही. थकव्याचा आकडा तीनदा मांड: कामावरून निघताना, घरी पोचल्यावर आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या. यातला सकाळचा खरा. काल सकाळी ४ होता आणि आज ६ झाला, तर कालचं काम झेपलं नाही असं धर, मग काल कितीही छान वाटलेलं असो. जाण्यायेण्यातही ताकद जाते, तेही लिही.

फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं 'हलकं काम' लिहून आणू नकोस, त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. रोज किती तास, किती किलोपर्यंत वजन उचलायचं, रात्रपाळी चालेल का, तपासणीची रजा, पुन्हा आढावा कधी, हे प्रश्न कागदावर घेऊनच डॉक्टरांकडे जा. थकवा कमी न होता वाढत गेला तर 'केमोचाच असेल' म्हणून सोडून देऊ नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, यांतलं काही बिघडलं असेल तर त्यावर इलाज आहे.

बोलता बोलता शब्द सापडत नाही म्हणतोस, ते बऱ्याच जणांचं होतं. डोकं लावायचं काम दिवसाच्या सुरुवातीला घे, एका वेळी एकच, आणि फोनवर ठरलेलं फोन ठेवताक्षणी लिहून काढ.

केमोने आलेला बोटांचा बधिरपणा मात्र हळूहळू जातो. काहींचा थोडा राहतोही. तोवर गरम कप त्याचा कान धरूनच उचल, कारण चटका बसतोय हे अशा बोटांना उशिरा कळतं. पायही बधिर असतील तर जिना कठडा धरून, पायरीकडे बघत उतर.

साहेबांशी तासांचं सोमवारच्या आधीच बोलून घे. पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव, सकाळचे तर नक्की.

तुझाच,
जुना मित्र