अँप्युलवरचा आकडा

भायखळा, मुंबई

चि. कृपा हिला आईचा सलाम.

नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र आलं, मलावीचा व्हिसा आला, आता बॅग तेवढी भरायची राहिली. बॅगेचं शेवटी बघू. आधी हातांबद्दल लिहिते. तुझे हात मुंबईच्या लेबर रूममध्ये तयार झालेत. त्यांना इथली अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी), इथला फ्रीज, हाकेच्या अंतरावरची रक्तपेढी आणि समुद्रकाठची हवा ठाऊक आहे. तिकडे आफ्रिकेत, मलावीत यातलं काहीच तसं नाही. काम येत नाही म्हणून तिथे तुझा घोटाळा होणार नाही. हात सवयीने पुढे जाईल आणि डोळे मागे राहतील, तेव्हा होईल.

सगळ्यात धोक्याचं मॅग्नेशियम सल्फेट, बाळंतपणातल्या झटक्यांवरचं औषध. आपल्याकडची अँप्युल २ मिलीची, ५० टक्क्यांची, म्हणजे १ ग्रॅम. झटके आलेल्या बाईला शिरेतून द्यायचे ४ ग्रॅम: चार अँप्युल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली निर्जंतुक पाणी, झाले २० मिली आणि २० टक्के. हे सावकाश, निदान पाच मिनिटं लावून. मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम, त्याच सिरिंजमध्ये १ मिली २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, कारण इंजेक्शन फार दुखतं. आपल्या हिशेबाने एका बाजूला पाच अँप्युल. पण बऱ्याच देशांत हेच औषध १० मिलीच्या अँप्युलमध्ये येतं आणि ती एकच अँप्युल ५ ग्रॅमची असते. घाईत "पाच आण" म्हणालीस आणि समोरच्याने पाच आणून फोडल्या, तर एका बाजूचेच २५ ग्रॅम झाले. उलटही होतं: तिथली मुलगी "एका बाजूला एक" असं शिकलेली असते आणि दान आलेल्या खोक्यात आपल्यासारख्या छोट्या अँप्युल निघतात. मग बाईला औषध पाचपटीने कमी पडतं आणि झटके थांबत नाहीत. म्हणून मागताना अँप्युल मागू नकोस, ग्रॅम सांग. दुसरीने अँप्युलवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, तू ऐकायचा, मगच फोडायची.

पुढचा ५ ग्रॅमचा डोस दर चार तासांनी, कुल्ला बदलून, बाळंतपण किंवा शेवटचा झटका यांतलं जे नंतरचं असेल त्यापासून २४ तासांपर्यंत. प्रत्येक डोसाआधी तीन गोष्टी: श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्याखाली हातोडा मारला की पाय उडतोय, आणि गेल्या चार तासांत लघवी तासाला निदान ३० मिली. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी डोस थांबव. गुडघा आधी मंदावतो, श्वास नंतर, त्यामुळे हातोडा खिशात असू दे. मॅग्नेशियमचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट: १० टक्के, १० मिली, सिरिंजसह खाटेच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावून ठेव. कपाटात कुलूपबंद ठेवलेला उतारा असून नसल्यासारखा.

ऑक्सिटोसिनचंही तेच, म्हणजे गर्भपिशवी आवळून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत दंडात किंवा मांडीत १० युनिट. आपल्याकडे ५ युनिटची अँप्युल जास्त दिसते म्हणून दोन फोडायची सवय, तिथे १० ची असू शकते. त्याहून मोठी गोष्ट फ्रीजची. हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. वीज गेली, फ्रीज तापला, तर अँप्युल दिसायला तशीच स्वच्छ राहते, पण आतलं औषध उतरतं, आणि तू दोन डोस देऊनही गर्भपिशवी मऊच राहते. पहिल्याच दिवशी फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का बघ. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिही. बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नको, गोठलेलंही चालत नाही. लेबर रूममध्ये दिवसभर ट्रेवर अँप्युल पडून राहतात, ती सवय मोड. आइस पॅक घातलेला लसीचा डबा वापर. जिथे थंडाव्याची खात्रीच नाही तिथे त्याच कामाचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन १०० मायक्रोग्रॅम मिळतं का ते विचार, नाहीतर मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने.

रक्त किती गेलं ते नजरेने ठरवू नकोस. बायका घरून प्लास्टिकची शीट आणि नेसायची चितेन्जे घेऊन येतात. चितेन्जे म्हणजे गडद रंगाचं, मोठ्या नक्षीचं सुती कापड. त्यात अर्धा लिटर रक्त मुरलं तरी नक्षीखाली दिसत नाही, आणि शीट काळी असेल तर तिच्यावरही नाही. कोरडं कापड आधी काट्यावर ठेव, नंतर भिजलेलं ठेव. वजनातला फरक १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कुल्ल्यांखाली लावता आली तर उत्तमच. केनिया, टांझानिया, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांतली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली पद्धत अशी: पिशवीने मोजायचं आणि मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायचं औषध), सलाईन, तपासणी हे सगळं एकाच दमात सुरू करायचं, एक फसलं की मग दुसरं असं नाही. एक लिटरवर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होतं, या पद्धतीत १.६. ट्रानेक्झॅमिक १ ग्रॅम, शिरेतून दहा मिनिटांत, आणि बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. एवढं करूनही गर्भपिशवी आवळली नाही तर कॅथेटरला (रबरी नळीला) कंडोम बांधून तो गर्भपिशवीत सलाईनने फुगव, ३०० ते ५०० मिली. ही युक्ती बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांची. कॅथेटर, कंडोम, दोरा आणि सलाईनचा सेट असं पाकीट आधीच बांधून ठेव. रात्री दोन वाजता दोरा सापडत नाही.

"घरून काही औषध घेतलंस का?" हे प्रत्येकीला विचार, आणि रागावून नको. कळा वाढवायला तिथे म्वानाम्फेपो नावाचं झाडपाल्याचं औषध देतात. पोटात ते असताना वरून ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावलंस तर कळा एकमेकींवर चढतात, बाळाचे ठोके पडतात, आधी सिझर झालेली असेल तर गर्भपिशवी फाटते. खरं उत्तर बहुतेक सोबत आलेल्या आजीकडून मिळेल. तिला आगोगो म्हण, बाळंतिणीला आमायी. 'कान्खानी' म्हणजे जोर लावा, 'पुमानी' म्हणजे श्वास घ्या, विसावा घ्या. हे आदरार्थी आहे, तसंच बोल.

बाळाचे ठोके ऐकायच्या डॉपलर यंत्राची बॅटरी संपेल, पिनार्डची साधी नळी संपत नाही. बाळाच्या पाठीच्या बाजूला टेकव, कान दाबून धर आणि नळीवरचा हात काढ. दुसऱ्या हाताने आईची नाडी धर. ठोका नाडीशी जुळला तर तू आईचंच हृदय ऐकतेयस. कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट मोज, पंधरा सेकंदांना चाराने गुणू नको. पहिल्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने, जोर लावताना दर पाच मिनिटांनी. तक्ता कोणता वापरतात तेही बघ: बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते मांडायच्या जुन्या पार्टोग्राफवर गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडल्यापासून रेघ सुरू होते, २०२० च्या नव्या तक्त्यावर ५ पासून. एकाचा नियम दुसऱ्याला लावलास तर बाई उगाच "उशीर" या खात्यात जाते.

आता कुकर. हत्यारं निर्जंतुक करायचा, कोळशावर ठेवायचा ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला मोठा कुकरच: १५ पौंड दाब, १२१ अंश, उघड्या हत्यारांना २० मिनिटं, गुंडाळलेल्यांना ३०. पण हा हिशेब मुंबईच्या हवेचा. मलावीची राजधानी लिलाँग्वे साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे. उंचीवर बाहेरची हवा विरळ, त्यामुळे काट्यावर १५ दिसले तरी आत १२१ भरत नाहीत. दर हजार फुटांमागे अर्धा पौंड वाढव, म्हणजे तिथे जवळजवळ १७. भांड्यावर लिहिलेली मर्यादा मात्र आधी वाच. वेळ मोजायची ती काटा तिथे पोचल्यापासून, कोळसे पेटवल्यापासून नाही. आधी आतली हवा पूर्ण जाऊ दे, नाहीतर काटा खोटं बोलतो. पुडकं ओलं निघालं तर ते निर्जंतुक धरू नको. ओल्या कापडातून जंतू आत जातात.

बायकांच्या हातात हेल्थ पासपोर्ट नावाची वही असते. नाव विचारायच्या आधी ती वाच. एचआयव्हीची नोंदही तीतच असते. २०११ पासून मलावीत प्रत्येक बाधित गरोदर बाईला तपासणीचे आकडे न बघता आयुष्यभराची औषधं सुरू करतात, आणि हे तिथूनच बाकी देशांनी उचललं. नोंद मनात वाच. शेजारच्या खाटेवर तिच्या सासरचं कुणी असू शकतं.

प्रार्थनेबद्दल. कळा देणाऱ्या बाईला "प्रार्थना करू का?" विचारायचं नाही, त्या क्षणी ती कशालाही हो म्हणेल. तिने मागितली तर कर, थोडक्यात. मलावी सरोवराकाठचे याओ लोक बहुतांशी मुसलमान आहेत, त्यांची दुआ आजीला म्हणू दे. आणि चर्चला पाठवायच्या प्रार्थनापत्रात बाळंतिणीचा फोटो घालायचा नाही, चेहरा झाकूनसुद्धा नाही. आपल्याकडची मंडळी तो व्हॉट्सॲपवर फिरवणार हे ठरलेलं. देणगीदारांना फ्रीजचा फोटो पाठव. हवाही तोच आहे.

पपा सगळ्यांना सांगत असतात की १८६४ च्या जूनमध्ये मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन ज्या बोटीने मुंबईला आला तिचं नाव 'लेडी न्यासा', तुझ्याच सरोवराच्या जुन्या नावावरून. आणि नाशिकच्या शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये त्याची शवपेटी घेऊन लंडनला गेला. तुला हे पाठ झालं असेल.

ताप आला तर मुंबईसारखं "दोन दिवस बघू" नको. आपल्याकडे व्हायव्हॅक्स मलेरिया पुष्कळ, तिथे जवळजवळ सगळा फाल्सिपॅरम, म्हणजे जास्त घातक मलेरिया. त्याच दिवशी रक्त तपास. सरोवरात पोहू नकोस, बिल्हार्झिया (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांचा रोग) आहे.

बॅगेत: पिनार्ड, हेडलॅम्प दोन, घड्याळाचा बीपी (पाऱ्याचा विमानात चालत नाही), पल्स ऑक्सिमीटर, हातोडा, चौकोनी तीन पिनांचे ॲडॉप्टर. औषधं अजिबात नाहीत. दादरच्या केमिस्टकडची ऑक्सिटोसिन सामानातून तापत गेली तर काय उपयोग, आणि कस्टमवाल्यांना काय सांगशील? तिथली न्सिमा, मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीपेक्षा घट्ट असते, हाताने गोळा करून खायची. सुकट काढून ठेवली, तिथे उसिपा नावाची छोटी मासळी मिळते, तीही उन्हात वाळवलेलीच. फोन शनिवारी कर, आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तुमचे साडेपाच.

तुझी,
आई