सिस्टर, आईच्या पाठीवर एकही जखम नाही

सिस्टर, नमस्कार.

हे फोनवर सांगायचं असं तीन-चार वेळा ठरवलं पण दर वेळी घसा भरून आला आणि मी "काही नाही, सहज केला" म्हणून ठेवून दिला. म्हणून आता लिहूनच टाकतो, आणि सगळ्यांसमोर लिहितो, ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते.

आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलातून सोडताना हातात फाईल आणि गोळ्यांची यादी दिली आणि घरी न्या म्हणाले. नाकात नळी, लघवीची पिशवी, हे सगळं सांभाळायचं कसं ते कोणीच सांगितलं नाही. पहिले आठ दिवस मी जे केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो, कूस बदलताना ती पिशवी उचलून बेडवरच ठेवायचो म्हणजे लघवी परत मागे जाणार, आणि नळीतून जे द्यायचं ते आई आडवी असतानाच द्यायचो. ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, हे तुमच्याकडून कळलं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा वाटलं होतं आता ओरडा बसणार. तुम्ही आधी आईजवळ बसलात, तिचा डावा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "काकू, मी आता तुम्हाला कुशीवर वळवतेय हं." तोपर्यंत आम्ही सगळे तिच्या उशाशी उभे राहून एकमेकांशीच बोलत होतो हो, तिच्याशी कोणीच नाही. तिला समजत होतं सगळं.

मग माकडहाडावरचा तो लाल डाग. मी त्यावर रोज पावडर लावून चोळत होतो, तिला बरं वाटावं म्हणून. तुम्ही माझंच बोट धरून त्यावर दाबलंत आणि उचललंत. "बघा दादा, पांढरं झालं का? नाही ना? म्हणजे जखमेची सुरुवात आहे, चोळाल तर अजून बिघडेल." मग तुम्ही वहीचं पान फाडून तक्ता केलात, दर दोन तासांनी डावी, उताणी, उजवी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. वर सरकवताना अंगाखालची चादर दोघांनी धरून उचलायचं, ओढायचं नाही, कातडी घासते. डाग जायला वेळ लागला पण गेला.

एक गोष्ट मी कोणाला बोललो नाही. आईची साफसफाई करताना मला फार अवघडायचं, तीही तोंड फिरवून घ्यायची. तुम्ही काहीच विचारलं नाहीत, फक्त दाखवलंत की चादर अंगावर राहू द्यायची, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा आणि आधी तिला सांगायचं. त्यानंतर ती तोंड फिरवत नाही. बाकी सगळं मी कुठूनतरी शिकलोही असतो कदाचित, हे नसतो शिकलो.

आणि त्या रात्री मला तीन रात्री झोप नाही हे तुमच्या लक्षात आलं आणि तुमची वेळ संपलेली असताना तुम्ही पहाटेपर्यंत थांबलात, तेव्हा मी साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं. आज म्हणतो. मनापासून.

आता नाकातली नळी निघालीये, डाव्या हाताने चमचा धरते, अर्धं सांडतं पण धरते. तुमचा तक्ता अजून कपाटाच्या दारावर आहे, कडा फाटल्या म्हणून मी सेलोटेप लावलीये. लघवीची नळी पुढच्या आठवड्यात काढून बघू म्हणालेत डॉक्टर. तेव्हा फोन करीन, आणि या वेळी नीट बोलेन.

तुमचा,
काकूंचा मुलगा