अटींची यादी वाढवण्याआधी : गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

प्रोबेशनवरचा, म्हणजे तुरुंगाऐवजी अटी घालून देखरेखीखाली बाहेर ठेवलेला, एखादा माणूस पुन्हा गुन्ह्यात सापडला, की ‘अटी कडक करा’ ही मागणी ठरलेलीच. ती मान्य करणं सोपं असतं. एका परिपत्रकात काम भागतं आणि सरकार हललं असंही दिसतं. पण गुन्हे त्याने कमी होतात का?

अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमकं हेच तपासायला घेतलं. नऊ राज्यांतल्या 14 प्रकल्पांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून काही जणांवर कडक देखरेख ठेवली: जास्त भेटी, नशेसाठी लघवीच्या तपासण्या. वर्षभरात पुन्हा अटक झालेले कडक गटात सुमारे 37 टक्के निघाले, तुलनेच्या गटात 33. अटी मोडल्याच्या नोंदी मात्र 65 टक्के विरुद्ध 38! बघणारे डोळे वाढले, तशा सापडलेल्या चुका वाढल्या. त्या चुकांपायी पुष्कळ जण तुरुंगात गेले.

अट मोडते कशी, तेही बघा. मंगळवारी सकाळी अकराला हजेरी. नुकताच कामाला लागलेला माणूस दर आठवड्याला अर्धी सुट्टी मागतो. मुकादम एक-दोनदा देतो, मग उद्यापासून येऊ नकोस म्हणतो. हजेरी लावली तर काम जातं, काम धरलं तर हजेरी बुडते. आणि ‘नियमित रोजगार असावा’ ही अट त्याच कागदावर तीन ओळी खाली असते. ‘गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या व्यक्तींशी संपर्क नको’, हेही असतं. सख्खा भाऊच शिक्षा भोगून आलेला असेल आणि डोक्यावर दुसरं छप्पर नसेल तर? असली अट लिहिणाऱ्याने ती महिनाभर पाळून दाखवावी, असं कधीकधी वाटतं.

आपले अधिकारी म्हणतील, शिक्षा लगेच आणि हमखास झाली की माणूस सुधारतो. याच विचारावर अमेरिकेतल्या हवाई राज्यात 2004 साली सुरू झालेल्या ‘होप’ प्रकल्पाचे पहिले निष्कर्ष खरंच चांगले होते. पण तीच पद्धत चार ठिकाणी राबवून पाहिली, तेव्हा 2016 साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा मोठा फरक दिसला नाही. उलट अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात कमी धोक्याच्या लोकांवरची देखरेख मुद्दाम सैल केली, एका अधिकाऱ्याकडे सुमारे 400 जण दिले, तरी गुन्हे वाढले नाहीत. तिथे वाचलेला वेळ खऱ्या धोक्याच्या माणसांना देता येतो. रँडच्या अभ्यासातही पाळतीच्या जोडीला उपचार मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे कमी होते. मात्र ती तुलना चिठ्ठ्यांची नव्हती, म्हणून तिच्यावर फार भार टाकत नाही.

पीडितेच्या घराजवळ फिरकायचं नाही, यासारख्या अटींना हात लावू नका. त्या कडकच हव्यात. बाकी प्रत्येक अटीपुढे ती त्या माणसाच्या कोणत्या गुन्ह्याशी जोडलेली आहे ते लिहायला लावा, आणि लिहिता आलं नाही तर ती खोडा. हजेरीची वेळ कामाच्या तासांबाहेर ठेवा. आणि खात्याच्या वार्षिक अहवालात ‘अट मोडली’ आणि ‘नवा गुन्हा केला’ हे दोन वेगळे रकाने करा. आज दोन्ही एकाच आकड्यात घातले, तर बुडलेली हजेरी आणि घरफोडी सारखीच मोजली जाईल, आणि पुढचं परिपत्रक त्याच आकड्यावर निघेल.

आपला,
एक नागरिक