जखमीच्या अंगाखाली काय आहे, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की घाटातल्या अपघातांच्या आणि गडावरून दरीत कोसळल्याच्या बातम्या सुरू होतात. रुग्णवाहिका किती मिनिटांत पोहोचली, हे त्यात असते. तोवर जखमी माणूस कशावर पडून होता, किती भिजला होता, हे मात्र कुठेच नसते. मोठा रक्तस्राव झालेला माणूस वाचणार की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरू लागते.

आपल्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. रक्ताची गुठळी होण्यासाठी जी द्रव्ये लागतात ती याच तापमानाला नीट काम करतात. ते ३५ च्या खाली उतरू लागले की गुठळी धरायला वेळ लागतो, ३४ च्या खाली प्लेटलेट्सही सुस्तावतात. रक्त वाहत राहते, रक्त कमी म्हणून पेशींना प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणून शरीरात उष्णता कमी तयार होते आणि रक्तातली आम्लता वाढते. आम्लतेने गुठळी आणखी बिघडते. हे चक्र एकदा फिरू लागले की कुशल शल्यविशारदाच्या हातालाही यश येत नाही. अमेरिकेत १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ७१ गंभीर जखमींच्या अभ्यासात ज्यांचे तापमान ३२ अंशांच्या खाली गेले त्यांपैकी एकही वाचला नाही. जखम नसलेला, नुसता गारठलेला माणूस त्याच ३२ अंशांवरून बहुधा सुखरूप परत येतो. म्हणजे जी थंडी धडधाकट माणूस सोसतो, तीच जखमीचा जीव घेते.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे अनेकांना वाटेल. इराकच्या वाळवंटातूनही अमेरिकी सैन्याचे जखमी गारठलेल्या अवस्थेत रुग्णालयात येत होते. रक्त गेलेले शरीर स्वतःची ऊब टिकवू शकत नाही, मग बाहेर ३० अंश असले तरी ते गार पडत जाते. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरड कोसळण्याच्या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या, भर पावसातल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. दारू प्यायलेला, वृद्ध किंवा लहान मूल असेल तर ऊब आणखी लवकर जाते.

आता घटनास्थळी काय करायचे ते. पहिले काम रक्त थांबवण्याचे: जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरा आणि ‘थांबले का’ म्हणून सारखे उचलून पाहू नका. लगेच दुसरे काम अंगाखालचे. लोक वरून शाल पांघरतात आणि माणूस ओल्या कातळावर किंवा डांबरावर तसाच राहतो. अंगाच्या भाराने दबलेले कपडे ऊब धरत नाहीत, जमीन ती शोषत राहते. म्हणून वर एक पांघरूण असेल तर खाली दोन हवीत. ट्रेकिंगची मॅट, सतरंजी, घोंगडी, गोणपाट, गाडीतली रबरी मॅट, वर्तमानपत्रांची जाड चवड, जे मिळेल ते. मानेला किंवा पाठीला मार असण्याची शक्यता असेल तर एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, बाकी तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरून एकाच वेळी कुशीवर वळवावे, पाचव्याने मॅट सरकवावी.

आडोसा आणि कोरडे कपडे दोन्ही असतील, तरच ओले कपडे कात्रीने कापून काढा. हात-पाय वाकवून ओढू नका. आडोसा नसेल तर ओले कपडे तसेच राहू द्या, त्यांवरून प्लास्टिक किंवा ताडपत्री चौफेर गुंडाळा आणि तिच्यावर ब्लँकेट. प्लास्टिकमुळे वारा आत येत नाही आणि पाण्याची वाफ होऊन ऊब जात नाही. डोक्याला कानटोपी किंवा कोरडा टॉवेल. चेहरा उघडा हवा. दुकानात मिळणारी चंदेरी फॉइल (अंगावर घ्यायचे पातळ, चकचकीत पांघरूण) नुसती वरून टाकली तर वाऱ्याने उडते. ती अंगाभोवती पूर्ण लपेटून वर ब्लँकेट घातले तरच उपयोगी.

शुद्धीवर यावा म्हणून तोंडावर पाणी मारणे, हातापायांना बाम चोळणे, गरम पाण्याची पिशवी थेट कातडीवर ठेवणे, चहा पाजणे, हे सगळे टाळा. बधिर झालेल्या त्वचेला चटका कळत नाही, आणि चहा उलटून फुप्फुसात गेला तर नवेच संकट. तुटलेले बोट ओलसर गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवतात. गारवा त्या बोटाला हवा, माणसाला नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा दिसतो: तापलेल्या डांबराने पाठ भाजते. अशा वेळी सावलीत हलवावे, पण अंगावर पाणी ओतू नये, कारण रक्त गेलेला माणूस तासाभरात तिथेही गारठू शकतो.

रुग्णवाहिकेतली चूक साधी असते. चालकाला उकडते म्हणून मागच्या कक्षातही एसी चालू राहतो. तो बंद करावा. आत बसलेल्याला घाम आला तर तापमान बरोबर आहे असे समजावे.

रुग्णालयांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. रक्तपेढीतील रक्त २ ते ६ अंशांवर ठेवलेले असते. दोन लिटर गार रक्त भराभर दिले तर ७० किलोच्या माणसाचे तापमान सुमारे १ अंशाने उतरते. २५ अंशांचे दोन लिटर सलाईनही सुमारे ०.४ अंश खाली नेते. म्हणून ब्लड वॉर्मर, म्हणजे रक्त देताना ते कोमट करणारे यंत्र, हवा. तो नाही म्हणून पिशवी कढत पाण्यात बुडवली किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर तांबड्या पेशी फुटतात. दुसरे, साधा डिजिटल थर्मामीटर ३२ च्या खाली आकडा दाखवतच नाही, आणि गारठलेल्या माणसाच्या काखेतले माप फसवे असते. गार बोटावर ऑक्सिमीटरही चुकतो. तिसरे, रक्त गोठण्याची तपासणी प्रयोगशाळेत नमुना ३७ अंशांना आणूनच होते. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि टेबलावर रक्त थांबत नसते.

डोक्याला मार लागलेल्याला मुद्दाम थंड ठेवावे, असे काही डॉक्टर अजूनही मानतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोलर’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत त्याचा काहीही फायदा दिसला नाही.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक १०८ रुग्णवाहिकेत, घाटातल्या पोलीस चौकीत आणि गर्दीच्या गडांच्या पायथ्याच्या गावात एक पिशवी असावी: दोन फोम मॅट, दोन ब्लँकेट, दोन बाय तीन मीटरची ताडपत्री, कानटोपी, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री. आणि सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागातल्या केसपेपरवर नाडी व रक्तदाबाच्या रकान्याशेजारी तापमानाचाही रकाना सक्तीचा करावा, ३२ च्या खालचा आकडाही दाखवणाऱ्या थर्मामीटरसह.

आपले,
आपत्कालीन वैद्यक व गिरिबचाव क्षेत्रातील कार्यकर्ते, पुणे