सेकंडहँड हायब्रिडची चावी आणि तुमची टोलवाटोलवी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हरवलेल्या स्मार्ट कीच्या जागी नवी चावी देण्यात टाळाटाळ आणि फोनवर झालेला अपमान

तुमच्या कस्टमर केअरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले आहे. गाडीचं मॉडेल, वर्ष, चेसिस नंबर, तक्रार क्रमांक, सगळं तुमच्याकडे आहे. तुमच्या प्रत्येक माणसाला ते मी पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं आहे, इथे परत लिहीत नाही.

गाडी मी सेकंडहँड घेतली, तेव्हा तिच्याबरोबर एकच चावी आली, म्हणजे जवळ असली की नुसतं बटण दाबून गाडी चालू करता येते ती स्मार्ट की. दुसरी कधी, कुठे गेली हे पहिल्या मालकांनाही सांगता आलं नाही. म्हणून गाडी नावावर झाल्याबरोबर मी तुमच्या सर्व्हिस सेंटरला गेले आणि जास्तीची चावी करून मागितली. एक चालू चावी समोर असताना दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवणं हे तुमच्यासाठी किती किरकोळ काम आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. काउंटरवरच्या माणसाने 'पार्ट आला की कळवतो' म्हणत नाव आणि नंबर लिहून घेतला. कळवलं कुणीच नाही. विचारायला गेले की उत्तर ठरलेलं: 'अजून आला नाही, आणि एक चावी आहे ना तुमच्याकडे, मग घाई कसली?' आता ती एक चावी प्रवासात हरवली आहे, आणि तेच सर्व्हिस सेंटर मला विचारतं की तुम्ही जास्तीची चावी करून का ठेवली नाहीत! मी मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. एवढं एक वाक्य कुणीतरी माझ्या फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस तरी तो प्रश्न विचारणार नाही.

चावी हरवल्यावर पहिलं उत्तर काय मिळालं, तर इमोबिलायझरचा (नोंदलेल्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्युटर, स्मार्ट कीचं मॉड्यूल, स्टीअरिंगचं लॉक, दारांची कुलपं, असा सगळा सेट बदलावा लागेल. गाडी कुणी बघितली नव्हती. यातलं बिघडलंय काय, असं मी विचारलं. बिघडलं काहीच नव्हतं. एकही चावी शिल्लक नसली तरी जुनी नोंद पुसून नवी चावी नोंदवता येते, त्याची सोय तुमच्या डायग्नोस्टिक यंत्रात आहे, हे मला तुमच्याच एका तंत्रज्ञाने नंतर सांगितलं. मग आधीच्या माणसाने मला अर्ध्या गाडीचे सुटे भाग कशासाठी विकायला काढले होते? त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून सांगायचं नव्हतं? दोन्हींपैकी जे असेल ते मला लेखी कळवा.

त्यानंतर 'चावी तयार आहे, घेऊन जा' असा निरोप आला. मी कामं टाकून गेले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी स्टीलचं एक पातं काढून माझ्या हातावर ठेवलं. स्मार्ट कीच्या पोटात सरकवून ठेवलेलं असतं ना, ते. त्याने ड्रायव्हरचं दार उघडतं, बस्स. त्यात चिप नसते, त्यामुळे गाडी त्याला ओळखत नाही आणि 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होत नाही. हे मी काउंटरवर म्हटलं तर उत्तर आलं, 'तुम्ही चावी मागितली होती.' तुमच्या गाडीत चावी खुपसायला जागाच नाही, नुसतं बटण आहे. अशा गाडीची चावी मागणारा माणूस पातं मागत असेल, असं तुमच्या काउंटरला खरंच वाटतं?

शेवटी खरी स्मार्ट की मागवली गेली आणि एक तंत्रज्ञ गाडी उभी आहे तिथे आला. या माणसाबद्दल माझी तक्रार नाही, उलट या सगळ्या प्रकरणात माझ्याशी माणसासारखा बोललेला तो एकटाच. १२ व्होल्टची बॅटरी उतरली होती, ती त्याने आधी चार्ज केली. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला, जुनी नोंद काढली, नवी चावी कंपनीच्या चिन्हाच्या बाजूने स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि आम्ही दोघं गाडीतून येणाऱ्या आवाजाची वाट बघत बसलो. आवाज आला नाही. डॅशबोर्डवरचा चोरीसुरक्षेचा लाल दिवा लुकलुकत राहिला. त्याने परत टेकवली, परत तेच. मग त्याने चावीचं मागचं झाकण उघडून आतल्या सर्किटवरचा नंबर वाचला आणि मान हलवली. चावी माझ्या गाडीची नव्हतीच. बटणं तीच, आकार तोच, चिन्ह तेच, आतलं सर्किट मात्र वेगळं. दिसायला सारख्या चाव्यांची सर्किटं वर्षागणिक आणि बाजारपेठेगणिक वेगळी असतात, कुठे ३१५ मेगाहर्ट्झ तर कुठे ४३३, कुठे चिपच निराळी. म्हणून पार्ट नंबर चेसिस नंबरावरून काढायचा असतो. तो १७ अक्षरं-आकड्यांचा नंबर तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. तरीही तुमच्या पार्ट विभागाने मॉडेलचं नाव आणि रंगरूप बघून चावी मागवली.

आणि त्या चुकीच्या चावीचं बिल मला लावलं. नोंदणीच्या फसलेल्या प्रयत्नाचं बिल वेगळं. चावी परत घेणार नाही, कारण इलेक्ट्रॉनिक पार्ट परत घेत नाहीत असा नियम आहे म्हणे. चूक तुमची, पार्ट तुमचा, नियम तुमचा आणि भुर्दंड माझा!

आता आजच्या फोनबद्दल. तुमचा प्रत्येक फोन 'हे संभाषण रेकॉर्ड केलं जात आहे' या सूचनेने सुरू होतो. तेव्हा आजचं रेकॉर्डिंग काढा आणि हे पत्र समोर ठेवून ऐका. एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मी सांगितलं की चुकीची चावी आली होती, आता चेसिस नंबरावरून बरोबर चावी मागवा आणि त्याच तंत्रज्ञाला पाठवा. अधिकारी म्हणाले, "आमच्या सिस्टीमला गाडी तुमच्या नावावर दिसत नाही."

मी म्हटलं, नोंदणीची प्रत, विक्रीचा कागद आणि माझं ओळखपत्र मी तुम्हाला पाठवलेलं आहे, आणि मालक बदलल्याचा तुमचा फॉर्मही सर्व्हिस सेंटरला भरून दिलेला आहे.

"फॉर्म आमच्यापर्यंत आलेला नाही. तुम्ही असं करा, मूळ ग्राहकांना आम्हाला फोन करायला सांगा."

मी विचारलं, त्यांनी गाडी विकून टाकली आहे, त्यांचा आता काय संबंध? यावर ते म्हणाले, "चावी मूळ ग्राहकाच्या नावाने दिलेली असते." मी विचारलं, मग मी कोण? ते काही बोलले नाहीत. मी परत विचारलं. तेव्हा ते म्हणाले, आणि हे वाक्य मी ऐकताक्षणी लिहून घेतलं: "मॅडम, गाडी चोरणारेही आम्हाला असेच फोन करतात."

मी दोन क्षण गप्प झाले. राग आलाच, पण त्याआधी अपमान जाणवला. हक्काची सगळी कागदपत्रं देऊन, सर्व्हिसिंग तुमच्याकडेच करून, चुकीच्या चावीचेही पैसे भरून मी माझ्याच गाडीबाबत तुमच्या माणसाकडून चोर ठरले. आवाज न चढवता मी म्हटलं, तुम्ही काय म्हणालात ते पुन्हा म्हणा. तेव्हा ते म्हणाले, "मी तुम्हाला नाही म्हटलं, जनरल सांगितलं." मी म्हटलं, फोनवर तर मीच आहे. त्यावर दिलगिरी नाही, काही नाही, सरळ पुढचं वाक्य: "एक काम करा ना, गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन या, मग बघू."

घेऊन या! कशी? मी विचारलं, चावी नसलेली गाडी मी चालवत कशी आणू? ते म्हणाले, "मग टो करून आणा, कुणीही ओढून आणेल."

तुम्ही ही गाडी बनवता. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ती ओढायची नाही, हे तुमच्याच माहितीपुस्तिकेत चौकटीत छापलं आहे, कारण चाकं फिरली की त्यांना जोडलेली मोटर फिरते, वीज तयार करू लागते आणि यंत्रणेचं नुकसान होतं. शिवाय गाडी पार्कमध्ये लॉक आहे. पार्कमधून काढायची तर यंत्रणा चालू हवी, यंत्रणा चालू करायची तर चावी हवी, आणि चावी हवी म्हणूनच तर मी फोन केला होता. फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून न्यावी लागेल, हे मी त्यांना सांगितलं. तुमच्या गाडीबद्दल, तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, मी सांगितलं.

बॅटरीचंही तसंच. गाडी उभी राहून १२ व्होल्टची बॅटरी परत उतरली असेल, असं म्हटल्यावर ते म्हणाले, "हायब्रिड आहे ना, मोठी बॅटरी असते, काळजी करू नका." मोठी बॅटरी गाडी बंद असताना रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडलेली असते आणि ते रिले ओढायला हीच छोटी १२ व्होल्टची बॅटरी लागते. ही छोटी चार्ज होते ती गाडी 'रेडी' असताना, आणि चावीशिवाय गाडी 'रेडी' होत नाही. तुम्ही चावी द्यायला जितका उशीर करता तितकी ती बॅटरी मरत जाते. ती कायमची गेली तर तिचं बिलही माझ्याच नावाने फाडणार आहात का?

चोरीपासून गाडी वाचवण्याची व्यवस्था ढिली करा, असं मी म्हणत नाही. मालकी तपासा, दहा वेळा तपासा, पण तपासून झालं की काम करा. सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर एका प्रश्नाचं उत्तर द्या. माझ्याआधीच्या काळात हरवलेली एक चावी आणि आता हरवलेली एक, अशा दोन चाव्या कुठेतरी पडलेल्या आहेत. त्या तंत्रज्ञाने काढलेल्या नोंदीत त्या दोन्ही खरोखर पुसल्या गेल्या, की फसलेल्या प्रयत्नानंतर जुनी नोंद तशीच राहिली? ज्या कुणाला त्या सापडतील, त्याला माझी गाडी उघडता येईल का? हा प्रश्न मी तुमच्या प्रत्येक माणसाला विचारला. मला चोर म्हणायला वेळ मिळाला, याचं उत्तर द्यायला मिळाला नाही.

तुमचीच गाडी घ्यायची हे मी ठरवून केलं होतं. जुनी घेतली तरी मागे कंपनी उभी असते, असं ओळखीतल्या सगळ्यांनी सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. पुढची गाडी नवी आणि तुमचीच घ्यायची, असंही मनात होतं. आता कानाला खडा. चावीचा कोड तुमच्याकडे, नोंदवायचं यंत्र तुमच्याकडे, चावीचा साठा तुमच्याकडे. बाहेरचा कुलूपवाला हात लावायला तयार नाही, कारण बाकीचं सगळं जमलं तरी कोड तुम्ही देत नाही. सगळ्या किल्ल्या स्वतःच्या हातात ठेवायच्या आणि दुसऱ्या मालकाला दारात उभं करायचं, हे चालणार नाही. एकाधिकार घेतलात तर जबाबदारीही घ्या. गाडी दुसऱ्या हातात गेली म्हणून ती तुम्ही बनवलेली नाही, असं होत नाही.

मला चेसिस नंबरावरून तपासलेल्या दोन स्मार्ट की हव्या आहेत. दोन, कारण मी तेव्हाही जास्तीची मागितली होती आणि तुम्ही दिली नव्हती. त्या गाडी उभी आहे तिथे येऊन नोंदवून द्या, आणि येणाऱ्या माणसाला १२ व्होल्टची बॅटरी चालू करण्याचं साहित्य बरोबर द्या. जुन्या सगळ्या चाव्यांची नोंद माझ्यासमोर पुसा आणि गाडीत आता किती चाव्या नोंदलेल्या आहेत, तो आकडा यंत्राच्या पडद्यावर मला दाखवा. चुकीच्या चावीचे आणि त्या फेरीचे पैसे परत करा. मालक म्हणून माझं नाव तुमच्या सिस्टीमला चढवा. आणि 'जनरल सांगितलं' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी माफी हवी, माझ्या नावाने. ग्राहक सेवा विभागाच्या वतीने आलेलं छापील दिलगिरीपत्र मी स्वीकारणार नाही.

या महिनाअखेरपर्यंत हे झालं नाही, तर बिलं, ते पातं, ती चुकीची चावी आणि कॉलच्या नोंदी घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. आजचं रेकॉर्डिंग तिथे मागवून घेईन, तेव्हा ते पुसलं जाणार नाही याची व्यवस्था आजच करा. यापुढे मला फोन करू नका, जे सांगायचं ते लेखी सांगा. अपवाद एकच: तंत्रज्ञ निघाला असेल तर त्याने कधीही फोन करावा.

गाडीची आजची कायदेशीर मालक

सोबत: नोंदणीची प्रत, विक्रीचा कागद, ओळखपत्र, मालक बदलाच्या फॉर्मची पोच, दोन्ही बिलं, चुकीच्या चावीच्या आतल्या नंबराचा फोटो. पहिल्या चार गोष्टी तुमच्याकडे आधीच पोहोचलेल्या आहेत, त्या पुन्हा पाठवत आहे.