हरित नियमांचा खर्च स्लॅबच्या आधीच धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हरित इमारतींच्या नियमांमुळे घर महागले, असे सोलापुरात सध्या सर्रास बोलले जाते. मुळात राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. जुळे सोलापुरात हजार-दीड हजार फुटांच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला ती लागूच होत नाही.

मोठ्या बांधकामांत खर्च फुगतो तो कामाचा क्रम चुकल्यामुळे. नकाशात पावसाचे पाणी मुरवायचा शोषखड्डा पुढच्या बाजूला असतो आणि गच्चीचे पाइप मात्र मागच्या गटारीकडे उतरवलेले असतात. मग भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी बसवलेली फरशी फोडून पाइप वळवावा लागतो. स्लॅबचा उतार ठरवतानाच तो खड्ड्याच्या दिशेने धरला, तर दोन-चार बेंड आणि थोडा ४ इंची पाइप एवढेच जादा लागते.

खड्ड्याचे काम तर फारच निष्काळजीपणे होते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, उलट ती फुगते आणि जवळच्या पायाला धक्का बसून भिंती तडकतात. म्हणून खड्डा पायापासून किमान ३ मीटर लांब हवा आणि काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यायला हवा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. गाळ वाळूवर अडतो, म्हणून पावसाळ्याआधी वरचा थर तेवढा खरवडून बदलता येतो. प्रत्यक्षात आत बांधकामाचा राडारोडा भरतात. त्यातले सिमेंट तळाशी बसते आणि पहिल्याच पावसात खड्डा तुंबतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवरून २० टक्के गळती धरली, तरी ४४ हजार लिटर पाणी मिळते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे थोडे नव्हे.

हरित बांधकामातल्या राखेच्या विटांना तडे जातात, हाही गैरसमज आहे. फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प शेजारी असल्याने राख आपल्या दारातच आहे. पण दोन-तीन आठवडे पाणी न मारलेली कोवळी वीट भिंतीत गेली, की वाळताना आकसते आणि गिलाव्याला तडे जातात. दोष विटेला मिळतो, घाई मात्र आपली असते. या विटेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे गिलाव्याआधी सांधे १० मिलिमीटर खोल खरवडणेही आवश्यक आहे.

महापालिकेला विनंती आहे, की जोता तपासणीच्या वेळीच खड्ड्याची जागा आणि पाइपची दिशा पाहावी. भोगवटा देताना खड्ड्यात ५०० लिटर पाणी ओतून ते किती वेळात मुरते, याची नोंद घ्यावी.

– एक स्थापत्य अभियंता, सोलापूर